फोनवरून आलेलं स्थळ

समोरून फोन उचलला की पहिला प्रश्न यायचा, "कोन?" मी संस्थेचं नाव सांगायचे. मग दुसरा प्रश्न, "नंबर कुनी दिला?" टेलिफोनच्या डिरेक्टरीत पाहिला, असं खरं खरं सांगितलं की पलीकडचा माणूस गप्प व्हायचा. याचा माझ्यावर विश्वास बसलेला नाही, हे मला त्या शांततेत स्वच्छ ऐकू यायचं. डिरेक्टरी बघून कुणी अनोळखी माणसाला फोन करतं, ही गोष्टच बीडमध्ये पटण्यासारखी नव्हती. फोन यायचा तो नातेवाइकाचा, नाहीतर विक्रीकर खात्यातल्या कुणाचा, नाहीतर कुणी गेल्याचा. त्यात बाईचा आवाज, आणि तोही पुस्तकातल्यासारखं मराठी बोलणारा.

नवं शतक लागून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर, औषधाच्या दुकानाच्या वर, कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका खासगी संस्थेत मी नोकरीला होते. सकाळी आणि संध्याकाळी विद्यार्थ्यांना टायपिंग शिकवायचं. दुपारी बारा ते चार वर्ग रिकामे असत, तेव्हा फोन करायचे. संस्थेच्या मालकांना सगळे सर म्हणत. सर औरंगाबादच्या कुठल्याशा प्रदर्शनातून एक कल्पना घेऊन आले होते: आता प्रत्येक दुकानाला वेबसाइट लागणार, आणि बीड जिल्ह्यात ती बनवून देणारं दुसरं कुणी नाही.

वेबसाइट बनवायला मी पुण्यात मामांकडे सहा महिने राहून शिकले होते. मला ते काम मनापासून आवडायचं. कोऱ्या पडद्यावर एक रेघ ओढायची, ती दोन बोटं डावीकडे सरकवायची, रंग थोडा उतरवायचा. त्यात कुणाशी बोलावं लागत नसे. गंमत अशी की हे न बोलण्याचं काम मिळवायचं तर आधी दिवसभर बोलावं लागणार होतं, आणि तेच मला जमत नव्हतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, तीही औरंगाबादच्या वसतिगृहात. मराठी शब्द मी स्पेलिंग पाठ करावं तसे अख्खेच्या अख्खे पाठ केलेले. फोन करायच्या आधी सगळी वाक्यं वहीत लिहून काढायचे आणि बघून वाचायचे.

तीन महिने झाले तरी एकही गिऱ्हाईक आलं नाही, तेव्हा सरांनी मला समोर बसवलं. "मॅडम, दसऱ्यापर्यंत एक आणा. एकच. न्हाई जमलं तर कोपऱ्यातलं मशीन मी हिशेबाच्या बॅचला देतो. तुम्ही मग दिवसभर टायपिंग बघा." कोपऱ्यातल्या त्या मशीनलाच मोडेम होता आणि त्याच्यातच माझी सगळी कामं होती. घरी आईनं आधीच बोलून ठेवलं होतं की नुसतं टायपिंगच शिकवायचं असेल तर ते सासरच्या गावीही शिकवता येईल. त्यामुळे दसऱ्यापर्यंत एक गिऱ्हाईक, हे मी डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

गिऱ्हाईक कोण होईल हे ओळखायची सरांची रीत सोपी होती. जो गोड बोलेल तो. मी पेन्सिल घेऊन डिरेक्टरीत त्यांच्या सांगण्याप्रमाणे खुणा करायचे. गोड बोलणाऱ्यापुढे टिंब, संशय घेणाऱ्यावर काट. आष्टीचा एक कापडवाला इतका गोड बोलला की मी टिंब दोनदा गिरवलं. सरांना घेऊन येते म्हटलं तर तो म्हणाला, "या की मॅडम आष्टीला. सरांना कावून तकलीफ देता? तुमी एकट्याच या, निवांत बोलू." मी फोन ठेवला आणि टिंबावर काट मारली, कागद फाटेपर्यंत.

दुसरी अडचण 'साइट' या शब्दाची होती. पालीजवळच्या एका धाबेवाल्यानं माझं सगळं वाक्य शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "साइट कुटं हाय? धरनाच्या अंगाला का? किती गुंटे?" मी म्हटलं, जमीन नाही, कॉम्प्युटरवरची. तो म्हणाला, "नकाशा नंतर दाखवा वो, आधी येनं झालेली हाय का ते सांगा." बिगरशेती परवानगीला एन.ए. म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर आणखी तिघांनी मला प्लॉट विकणारी समजून झापलं.

म्हणून मी शब्द बदलला. पुण्याच्या एका वर्तमानपत्रात वेबसाइटला 'संकेतस्थळ' लिहिलेलं मी पाहिलं होतं. सरांना सांगितलं तर ते खूश झाले. "वजन हाय शब्दाला. हेच वापरा." मी वहीत लिहिलं: 'नमस्कार. आम्ही आपल्यासाठी संकेतस्थळ तयार करून देतो.' त्याच दुपारी तो शब्द एका पुस्तकांच्या दुकानात ऐकवला. दुकानदार निवृत्त मुख्याध्यापक निघाले. ते पोट धरून हसले. "मुली, संकेतस्थळ म्हणजे प्रेमिकांनी चोरून भेटायची ठरवलेली जागा. तू मला कुठं बोलावते आहेस?" म्हातारा चावट आहे असं ठरवून मी फोन आपटला. नंतर वाचनालयातल्या शब्दकोशात पाहिलं. म्हातारा चावट असेल नसेल, अर्थ बरोबर सांगत होता. पण वर्तमानपत्रात छापलंय तर आपण का घाबरायचं, असं म्हणत मी तोच शब्द चालू ठेवला. त्या शब्दाच्या शेपटाकडे मात्र माझं लक्षच गेलं नाही. घरी रोज संध्याकाळी आईच्या तोंडी तेवढंच शेपूट असायचं, तरीही.

घाटनांदूरचा नंबर एका आडत दुकानाचा होता. दुकान आणि घर एकाच नंबरावर. दसऱ्याला पंधरा-सोळा दिवस राहिले होते. लाइनवर इतकी खरखर की मी ठेवणारच होते, तेवढ्यात एका बाईचा आवाज आला.

"कोन बोलायलंय?"

"नमस्कार. मी बीडहून बोलतेय. आम्ही आपल्यासाठी संकेत..." खरखर झाली. "...स्थळ देतो."

"स्थळ?" आवाज एकदम जवळ आला. "नंबर कुनी दिला माय?"

"डिरेक्टरीत पाहिला."

"हां. मंग बराबर हाय." तीन महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी यावर विश्वास ठेवला होता. "आपल्यातलंच हाय ना?"

आम्ही बाहेरची कंपनी आहोत का, असं ती विचारतेय असं मला वाटलं. "अगदी आपलंच. बीडचंच आहे."

"मंजी राहायला बीडातच?"

"नाही, तसा सर्व्हर अमेरिकेत आहे."

"सर्विस अमेरिकेत? आगं माय." तिनं फोनवर हात ठेवून घरात कुणाला तरी ओरडून सांगितलं. मग हळू आवाजात, "खर्चाचं कसं?"

"निम्मा तुम्ही आधी द्यायचा, निम्मा काम झाल्यावर."

"निम्मा-निम्मा. चांगलं हाय. मागनं-बिगनं काई न्हाई ना?"

"वेगळं काहीच नाही."

"पुन्यांदा बदलायचं म्हनलं तर?"

"बदलून देऊ. आधी आम्ही तीन दाखवतो, त्यातलं तुम्ही पसंत करायचं."

"तीन!" बाई हसली. तिच्या हसण्यात थोडा संशय होता, पण हसली. "फोनवर नगं. घरी या रविवारी, समदे असत्यात. संगं मोठं मानूस आना."

मी फोन ठेवला. खर्चाचं विचारणारं, पसंत पडलं नाही तर काय म्हणून विचारणारं असं एकही गिऱ्हाईक मला भेटलं नव्हतं. डिरेक्टरीत मी टिंबाऐवजी चौकोन काढला.

रविवारी सर आणि मी अंबाजोगाईची बस धरली आणि तिथून पुढं घाटनांदूरची जीप. सरांनी नवा शर्ट घातला होता आणि मांडीवर रंगीत नमुन्यांची फाइल होती. जीपमध्ये त्यांना शंका यायला लागल्या. "मॅडम, एवढ्या लवकर कोन बोलवतं? चुलत्या-पुतण्यांचं काई भांडण तर नसेल? आपल्याला मध्ये घालतील." माझ्या मनात वेगळंच होतं. त्या बाईनं इतके प्रश्न विचारले, पण कॉम्प्युटरबद्दल एकही विचारला नव्हता. ते मी सरांना सांगितलं नाही.

घर दुकानाच्या मागं होतं. दारात रांगोळी, पाय धुवायला पाणी. ओट्यावर चार पुरुष आमची वाट बघत बसलेले, सगळ्यांच्या कपाळाला विभूती. त्यांतले सगळ्यांत थोरले म्हणजे फोनवरच्या बाईचे यजमान. त्यांना घरातले अप्पा म्हणत होते. "शरणार्थ, शरणार्थ," असा नमस्कार करत त्यांनी सरांना गादीवर बसवलं. फोनवरचा आवाज मात्र दारातून आला. पन्नाशीची, बुटकी, बारीक डोळ्यांची बाई. सगळे तिला काकू म्हणत. तिनं माझं मनगट धरलं आणि मला आत नेलं.

इतकं स्वागत मी कुठल्याच दुकानात पाहिलं नव्हतं, आणि म्हणूनच मला भीती वाटायला लागली. मधल्या खोलीत सात-आठ बायका होत्या. त्या माझ्या कानातल्यापासून चपलेच्या खुणेपर्यंत सगळं बघत होत्या. मला हळदकुंकू लावलं. पोह्यांची ताटली दिली, त्यावर ओलं खोबरं, शेजारी दोन लाडू. मी मनात म्हटलं, यांनी वेबसाइटच्या नावाखाली मला बघायला बोलावलंय. आईनं तर यांना फोन केला नसेल? आई असं करू शकते.

मग कोपऱ्यात बसलेली मुलगी मला दिसली. माझ्याच वयाची, जांभळी नवी साडी, मान खाली. ती काकूंची पुतणी होती. माझ्या हातात पोहे तिनंच आणून दिले होते आणि परत जाऊन तशीच बसली होती. तिनं एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत जो संशय होता तो माझ्या ओळखीचा होता. मी आरशात तो रोज बघते.

"तुमच्याकडं मोठं कोन, त्ये का तू?" काकूंनी सरांकडे हनुवटी करून मला विचारलं.

"सरच. मी त्यांच्याकडे काम करते."

"काम करतीस?" काकूंचे डोळे आणखी बारीक झाले. "मंग तू त्येंची भैन न्हाईस?"

मी नाही म्हणायच्या आत ओट्यावरून सरांचा आवाज आला. फाइल उघडल्यावर त्यांचा आवाज नेहमीच चढत असे. "अप्पा, एकदा का तुमचं आमच्याकडून झालं, की अमेरिका, दुबई, कुठूनबी, कोणीबी, कधीबी बघू शकतो. रात्री दोनला बघा! एकाच वेळी शंभर माणसं बघू शकतात!"



"कोनीबी?" अप्पा म्हणाले. "आमच्या पोरीला?"

"पोरीला?" सर म्हणाले.

"शंभर मानसं? काय बोलायलाव तुमी?"

पुढचं फार भराभर झालं. काकूंचा दीर उभा राहिला. त्यानं सरांच्या हातातली फाइल ओढली आणि कागद उलटे-पालटे केले. गुलाबी बॉर्डर, निळी बटणं, एका काल्पनिक मिठाईच्या दुकानाचं पान. "ह्ये तर धंदेवाले हायत," तो ओरडला. "पोरीचं निमित्त करून घरात शिरलेत. कावून आलाव बे? कुनी धाडलं?" सर "वेबसाइट, वेबसाइट" म्हणत राहिले. आतल्या बायका एकदम भिंतीला टेकल्या, जणू मला काही झालेलं आहे आणि ते त्यांना लागेल.

काकू ओरडल्या नाहीत. त्या माझ्यासमोर बसल्या. "तू फोनवर स्थळ म्हनलीस."

"संकेतस्थळ म्हणाले, काकू. एकच शब्द आहे तो."

"डिरेक्टरी म्हनलीस."

"टेलिफोनची."

"आमच्या समाजाची हाय डिरेक्टरी. घरनिहाय. मी म्हनलं तिच्यात बघून केलाय फोन." त्यांनी एक श्वास घेतला. "आन् सर्विस अमेरिकेत?"

"सर्व्हर," मी म्हटलं. माझे डोळे भरून आले होते. "ते एक मशीन असतं."

तेव्हा कोपऱ्यातून हसू आलं. जांभळ्या साडीतली पुतणी तोंडाला पदर लावून हसत होती, खांदे हलत होते, आणि ते तिला थांबवता येत नव्हतं. "काकू, मशीनसंगं लगीन," ती म्हणाली. एका बाईनं तिला चापट मारली, पण ती बाईही हसायला लागली होती.

दिरानं आम्हाला तसंच हाकललं असतं. काकूंनी त्याला सांगितलं, "ताटातलं संपल्याबिगर कोनी उठनार न्हाई." म्हणून आम्ही पोहे खाल्ले. सर ओट्यावर, मी आत. लाडू मी रुमालात बांधून घेतला.

परतीची बस अंबाजोगाईच्या बाहेर पडली. मग सर म्हणाले, "दसऱ्याला किती दिवस राहिले?" मी सांगितलं. ते म्हणाले, "हूं."

त्या आठवड्यात मी फोन केले, पण माझ्याच आवाजाची मला भीती वाटायची. आणि मग खालच्या औषधाच्या दुकानदारानं एक दिवस मला जिन्यात थांबवलं. "ताई, तुमची चौकशी करायलेत. दोघं आलते. संस्था कधीपास्नं हाय, मालक कसा मानूस हाय, वरली पोरगी कुनाची, वागायला कशी हाय. मी चांगलंच सांगितलं." गावाचं नाव त्यांनी सांगितलं नव्हतं, पण बोलण्यावरून दुकानदाराला अंबाजोगाईकडचे वाटले होते.

सरांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना खात्रीच झाली की घाटनांदूरच्या दिरानं कुणाला तरी सांगून विक्रीकरवाले मागं लावलेत. त्याच दुपारी त्यांनी कपाटातल्या सगळ्या कॉपी केलेल्या सीड्या भाजीच्या पिशवीत भरून घरी नेल्या. वर मेथीची एक जुडीही ठेवली.

माझ्या घरी निराळीच हवा होती. शेजारणीलाही कुणीतरी विचारून गेलं होतं. आई दोन दिवस गुणगुणत होती. "चौकशी चालू आहे म्हणजे घर समजूतदार आहे. न विचारता होकार देणाऱ्यांची मला भीती वाटते." मी विचारलं, कोण आहेत ते तुला माहीत आहे का? ती म्हणाली, "कळेलच." मला कळलं होतं. त्या घरात मी दोन तास बायकांच्या नजरेसमोर बसले होते. पुतणीसाठी स्थळ मिळालं नाही, तर आता कुणा पुतण्यासाठी मला धरून आणायचं चाललंय. माझी पाठ केलेली वाक्यं, माझा रुमालातला लाडू, सगळं त्यांनी मोजलं असणार. मी मनातल्या मनात नकाराची तीन वाक्यं तयार केली, आणि सवयीप्रमाणे वहीत लिहून काढली.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी, दुपारी, जिन्यात दमलेली पावलं वाजली. काकू होत्या. मागं पुतणी, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जाड. सर त्यांना बघून उठले आणि आधी कपाटाकडे पाहिलं. कपाट रिकामं आहे हे आठवून मग बसले.

"चौकशी केली," काकू मला म्हणाल्या.

मी वही उघडली नाही, वाक्यं पाठ होती. "काकू, राग मानू नका. मला एवढ्यात लग्न करायचं नाही."

काकूंनी पुतणीकडे पाहिलं, पुतणीनं काकूंकडे. "आगं, तुला कोन मागायलंय?" काकू म्हणाल्या. "मी कामाची चौकशी केली. आलेलं स्थळ आमी आसंच तपासतो. खालच्याला इचारलं, तुज्या शेजारनीला इचारलं. औरंगाबादला तुज्या शाळेतबी एक जन जाऊन आलाय. खोटं बोलनारी न्हाईस म्हनत्यात. बोलतच न्हाईस म्हनत्यात."

पुतणीनं फडकं सोडलं. आत लाल कापडी बांधणीची, कोपरे झिजलेली वही होती. काकू गेली कित्येक वर्षं समाजातल्या लग्नाच्या मुलामुलींची नोंद ठेवत होत्या. लातूर, सोलापूर, बिदर, पुणे, कुठून कुठून लोक त्यांना फोन करायचे, भेटायला यायचे, वही बघू द्या म्हणायचे. वही त्या कुणाच्या हातात देत नसत. स्वतः वाचून दाखवत, तेही माणूस पारखून. आता गुडघे दुखत होते, फोन वाढले होते. त्या रविवारी सर जे ओरडले, ते त्यांच्या डोक्यात राहिलं होतं: कुठूनही बघता येतं.

सरांना क्षणात कंठ फुटला. त्यांनी खुर्ची ओढली. "काकू, फर्स्ट क्लास. प्रत्येक मुलीचा मोठा फोटो टाकू. त्याच्याभोवती बदाम उघड-मीट करतील. खाली नाव, पत्ता, फोन. लोक एकदम..."

काकूंनी वहीवर दोन्ही हात ठेवले. मी ते हात पाहिले. आता त्या वही गुंडाळतील, पुतणी ती काखेत घेईल, जिन्यात पावलं वाजतील, आणि परवा माझं कोपऱ्यातलं मशीन सरकवलं जाईल. सर बोलतच होते.

"फोटो नको," मी म्हटलं.

सर थांबले. मी त्यांच्यासमोर कधी असं बोलले नव्हते.

"नावही नको. घरचा फोनही नको. नुसता वहीतला नंबर. शिक्षण, वय, उंची, काय अपेक्षा आहेत ते. ज्याला पुढं विचारायचं असेल त्यानं काकूंना फोन करायचा. मग काकू आधी त्याची चौकशी करतील आणि ठरवतील, सांगायचं की नाही."

"मॅडम," सर हसत म्हणाले, पण डोळे हसत नव्हते, "यात दाखवलंय कमी आन् लपवलंयच जास्त. अशी साइट कोन बघंल?"

"आसंच पायजे," काकू म्हणाल्या. त्या सरांकडे बघतही नव्हत्या. "माज्या वहीतबी आसंच हाय."

सरांनी एकदा काकूंकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ते निमूटपणे पावतीपुस्तक आणायला गेले.

पुढच्या वर्षात मी डिरेक्टरी पुन्हा पहिल्या पानापासून काढली आणि या वेळी काट मारलेल्या नंबरांना फोन केले. ज्यांनी संशय घेतला होता, नंबर कुणी दिला म्हणून दोनदा विचारलं होतं, मालक कुठला म्हणून टोकलं होतं, त्यांना. सगळे काही गिऱ्हाईक झाले नाहीत. पण झाले ते त्यांच्यातलेच. टिंबवाल्यांपैकी एकही नाही. हे मी सरांना कधी समजावून सांगू शकले नाही. गोड बोलणाऱ्या माणसावर त्यांचा जीवच होता.

पण ते नंतरचं. त्या दुपारी काकूंनी कामाची सुरुवात आत्ताच, माझ्यासमोर करा असा हट्ट धरला. मी मशीन सुरू केलं. पांढऱ्या पानावर एक राखाडी चौकट काढली. त्यांना मोडेमचा आवाज ऐकायचा होता, तोही ऐकवला. काकूंनी वही उघडली, पण पहिल्या पानावर नाही. मधलं एक पान काढलं आणि पुतणीकडे बोट केलं. "हिच्यापास्नं सुरू कर."

पुतणी माझ्या खुर्चीला टेकून उभी राहिली. तिच्या श्वासाचा आवाज माझ्या कानापाशी येत होता. काकू वाचत होत्या, मी टाइप करत होते. नंबर. वय. शिक्षण बी.ए. दुसरं वर्ष. मला त्या मुलीचं नाव तोवरही कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.

"उंची पाच फूट दोन इंच," काकू म्हणाल्या.

"एक," पुतणी म्हणाली.

"दोन लिही गं. एका इंचानं काय होतंय? चप्पल घालतीसच की."

"एकच हाय," पुतणी पडद्याकडे बघत म्हणाली. "मी मोजलीय. ह्ये कुटूनबी दिसनार हाय म्हनत्यात ना?"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. सर दारात पावतीपुस्तक घेऊन उभे होते, आणि त्यांनी डोळ्यांनी मला खुणावलं: दोन लिहा, मॅडम, गिऱ्हाईक म्हणतंय ते लिहा.

मी पाच टाइप केलं. मग एक.

काकूंनी बारीक डोळ्यांनी तो आकडा बघितला. मग बोटाला थुंकी लावून त्यांनी वहीचं पान उलटलं आणि पुढचा नंबर वाचायला लागल्या.